आधी पत्रा साफ आहे का ते बघ

मनालीच्या वर, सोलंग-धुंधीच्या पट्ट्यात, येत्या हिवाळ्यात तुला कॉर्नर रिफ्लेक्टर उभे करायचे आहेत. थिअरी तू माझ्यापेक्षा ताजी वाचली आहेस, तेव्हा ती मी परत शिकवत बसत नाही. पेपरांत जे एका ओळीत उरकतात आणि डोंगरावर ज्यात अख्खा दिवस जातो, तेवढंच सांगतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. रडारच्या चित्रात हजारो ठिपके चमकतात. देवदार चमकतात, मोरेनचे धोंडे चमकतात, गावातली पत्र्याची छपरं तर डोळे दिपवतात. पण त्यांतल्या एकाचाही खरा आकडा आपल्याला ठाऊक नसतो. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडून केलेला कोपरा हा एवढाच ठिपका असा, की त्यातून किती संकेत परत जाणार हे सूत्राने आधीच काढता येतं. वजनमापाचा निरीक्षक दुकानात आला की स्वतःच्या पिशवीतलं वजन तराजूत टाकून पाहतो. आपला पत्रा म्हणजे ते वजन. मग त्या वजनाला काय चिकटलंय, ते सरळ ठेवलंय का, हे आपल्याला माहीत हवं. उपग्रह डोक्यावरून गेला त्या मिनिटाला रिफ्लेक्टर नक्की कसा होता, हे तुला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर ते डोंगरावर नेऊन टाकलेलं भंगार.

अर्ध्या-एक डीबीने काय बिघडतं, असं कुणीतरी तुला म्हणेलच. त्याला नागलर आणि रोट यांची २००० सालची रीत सांग. कोरड्या किंवा बिनबर्फाच्या संदर्भ-चित्रापेक्षा संकेत ३ डीबीने, म्हणजे निम्म्याने, उतरला की बर्फ ओला समजायचा. आजही जगभर ओल्या बर्फाचे नकाशे बव्हंशी याच धर्तीवर निघतात. दोन चित्रांच्या कॅलिब्रेशनमध्येच १ डीबीचा फरक असला, तर उंबरठ्याचा तिसरा हिस्सा तिथेच खलास. खोऱ्यात अमुक उंचीपर्यंत बर्फ वितळायला लागला असं तू लिहिणार, आणि वितळलेलं असणार फक्त तुझं कॅलिब्रेशन.

आता पत्र्याकडे येऊ. त्रिकोणी पत्र्यांच्या रिफ्लेक्टरचं सूत्र साधं आहे: भुजेचा चौथा घात, गुणिले ४ पाय, भागिले तरंगलांबीच्या वर्गाची तिप्पट. यातला चौथा घात विसरू नकोस. भुजा दुप्पट केली की संकेत १६ पट, म्हणजे १२ डीबी वाढतो. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या सी-बँडची तरंगलांबी ५.५५ सेमी, १ मीटरच्या भुजेला तिथे सुमारे १,३६० चौरस मीटर मिळतात, म्हणजे ३१ डीबी. तोच पत्रा निसार उपग्रहाच्या २४ सेमीच्या एल-बँडला दाखव, तर जेमतेम ७३ चौरस मीटर, साडेअठरा डीबी. म्हणून तर कॅलिफोर्नियातल्या रोझमंडच्या कोरड्या सरोवरात नासाच्या जेपीएलने एल-बँडसाठी २.४ मीटरचे धूड मांडून ठेवलेत. ऑस्ट्रेलियाने २०१४ मध्ये क्वीन्सलंडच्या सुरत खोऱ्यात ४० रिफ्लेक्टर बसवले, त्यांत सर्वांत लहान १.५ मीटरचा आहे. (हे सुरत आपलं नव्हे, पण पत्ता सांगताना गंमत येते.)

आपल्या कामाला १.५ मीटरचा पत्रा बरा. सी-बँडमध्ये तो ३८ डीबी देतो. भोवतालच्या जमिनीचा संकेत उणे १२ डीबी धरला आणि एका पिक्सेलचं क्षेत्र १०० चौरस मीटर धरलं, तर पार्श्वभूमी साधारण ८ डीबीची झाली. म्हणजे पत्रा तिच्यापेक्षा ३० डीबीने वर उठतो. तेवढं अंतर हवंच. १ मीटरच्या पत्र्याला २३ मिळतात. जागा शोधायला ते पुरतं, कॅलिब्रेशनला अपुरं पडतं. निसारच्या एल-बँडसाठी मात्र दीड मीटरवर फार भिस्त ठेवू नकोस. त्याच्या ९.४ सेमीच्या एस-बँडला तो चालून जाईल.

वजनाचाही हिशेब कर. दीड मीटरचा त्रिकोण, ३ मिमी अॅल्युमिनियम: एक पत्रा ९ किलोच्या आसपास, तिन्ही मिळून २७. वर सांगाडा, पाय, बोल्ट. पोलादाचा केलास तर नुसते पत्रेच ऐंशी किलोंच्या घरात जातील, आणि ते पाठीवरून नेणारी माणसं तुला पुढच्या वर्षी ओळख दाखवणार नाहीत. जाळीचा, म्हणजे छिद्रांचा पत्रा मिळाला तर उत्तम. वारा कमी धरतो, वितळलेलं पाणी खाली जातं. छिद्राचा व्यास मात्र तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून लहान हवा. सी-बँडला ५ मिमी म्हणजे हद्द झाली.

फॅब्रिकेटर तुला म्हणेल, “मॅडम, गुण्या लावूनच केलंय.” विश्वास ठेव, पण टेप काढ. गुण्या वीत-दीड वीत लांब असतो, पत्रा दीड मीटर. कोपऱ्यात काटकोन भरला तरी टोकाला तो सुटलेला असू शकतो. काटकोनाची खरी परीक्षा कोपऱ्यात करायचीच नाही, टोकांवर करायची. तीन कडांची तीन टोकं घे आणि त्यांची आपापसांतली तीन अंतरं मोज. भुजा १.५ मीटर असेल तर प्रत्येक अंतर २.१२१ मीटर भरलं पाहिजे. कोन एका अंशाने चुकला की हे अंतर १८ मिमीने बदलतं. म्हणजे साध्या पोलादी टेपवर पाव अंशाची चूकसुद्धा दिसते. एक अंश म्हणजे दीड मीटरवर टोक अडीच सेंटीमीटर सरकलं, सी-बँडच्या जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीइतकं. एवढ्या चुकीने संकेत डोळ्यांदेखत खाली येतो. पत्रा जितका मोठा आणि तरंगलांबी जितकी आखूड, तितकी ही चूक महाग पडते. ही तीन अंतरं कारखान्यात मोज, डोंगरावर जोडल्यावर मोज आणि बर्फ गेल्यावर पुन्हा मोज. वेल्डिंग करून घेऊ नकोस. उष्णतेने पत्रा वाकतो, आणि जोडलेला कोपरा खेचरावर चढतही नाही. बोल्ट आणि आत नायलॉनची कडी असलेल्या नट. साधी नट थंडी-वाऱ्याच्या हिसक्यांनी ढिली होते.

दिशेचं म्हणशील तर इथे सगळे घाई करतात. सेंटिनेल-१ उजवीकडे पाहतो. उत्तरेकडे जाताना तो पूर्वेला पाहत असतो, म्हणून त्याच्यासाठी पत्र्याचं तोंड पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेलं. दक्षिणेकडे जातानाच्या पासला तोंड पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. निसार डावीकडे पाहतो, म्हणजे त्याचं नेमकं उलट: उत्तरेकडे जाताना तो पश्चिमेला पाहतो, पत्र्याचं तोंड पूर्वेला. सेंटिनेलसाठी लावलेला रिफ्लेक्टर निसारच्या त्याच दिशेच्या पासला पाठ दाखवून उभा असतो. दोघांनाही वापरायचा असेल तर एकाचा उत्तरेकडे जातानाचा आणि दुसऱ्याचा दक्षिणेकडे जातानाचा पास घे. दिशा तंतोतंत जुळत नाहीत, पण त्रिकोणी कोपऱ्याचा झोत पुष्कळ रुंद असतो, तो सांभाळून घेतो. झोत रुंद म्हणून निष्काळजीपणा मात्र नको. दिशा मोजायला होकायंत्र लावतेस तेव्हा सांगाड्यापासून चार पावलं लांब उभी राहा. पोलादी पाय, आइस-अॅक्स, कमरेचे पोलादी कॅराबिनर, सगळे सुई ओढतात. मनालीत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या दोन-तीन अंश पूर्वेला आहे, तेही जमेस धर.

कलाचं गणित: तळाचा पत्रा सपाट ठेवला तर कोपऱ्याचा अक्ष क्षितिजापासून ३५.३ अंश वर पाहतो. उपग्रहाचा इन्सिडन्स अँगल ३९ असेल तर तो ५१ अंशांवर आहे. तेव्हा तळाच्या पत्र्याची पुढची कड १५.७ अंश उचलायची. थोडक्यात, ५४.७ मधून इन्सिडन्स अँगल वजा. दोन ठिकाणी पोरं फसतात. एक म्हणजे लुक अँगल आणि इन्सिडन्स अँगल एकच समजतात. पृथ्वी गोल असल्याने त्यांत ४-५ अंशांचा फरक पडतो. दुसरं म्हणजे उतारावर उभं राहून कोन उताराशी मोजतात. कोन ओळंब्याशी मोजायचा. उताराचा इथे काही संबंध नाही.

आणि पुढची कड उचलली, की कोपरा झाला खड्डा. पाणी, बर्फ, देवदाराच्या सुया, सगळं आतल्या टोकाला जमणार. तिथे १ सेमीचं भोक हवंच. रात्री ते गोठून बुजतं, म्हणून खिशात एक जाड तार ठेव. “एवढ्याशा पाण्याने काय होतंय” असं वाटेल. सी-बँडची लहर पाण्यात शिरली की आखडून साडेसहा मिलिमीटरची होते. तिचा चतुर्थांश म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. इतक्या जाडीचं डबकंही आकडा बिघडवायला पुरेसं आहे.

जागा निवडायला आधी डोंगरावर जाऊ नकोस, आधी जुनी चित्रं उघड. मागच्या दोन-तीन हिवाळ्यांची सेंटिनेलची चित्रं फुकट मिळतात. त्यांत वर्षभर काळा राहणारा सपाट तुकडा शोध. मग प्रत्यक्ष तिथे उभी राहून क्लिनोमीटरने दोनच मापं घे. उपग्रह जिकडून पाहणार तिकडे तोंड करून समोरची धार किती उंच दिसते ते बघ. ५० अंशांच्या पुढे गेली तर जागा सावलीत. मग उपग्रहाकडे पाठ करून मागची धार बघ. ती इन्सिडन्स अँगलच्या वर गेली, तर त्या कड्याचा काही भाग चित्रात येऊन नेमका तुझ्या पत्र्यावर पडणार, आणि पत्रा शोधूनही सापडणार नाही. हे दुसरं माप घ्यायचं बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. आपल्या हिमालयात मैदानांपेक्षा याचाच त्रास जास्त. छपरं, पूल, विजेचे मनोरे यांपासून निदान दोनशे मीटर लांब राहा. अटल बोगद्याचं दक्षिण तोंड धुंधीजवळच आहे, त्या परिसरात आता लोखंड काही कमी नाही.

हिमस्खलनाच्या वाटेवर जागा निवडायची नाही, हे सांगायला नको. धुंधीला सरकारच्या हिमस्खलन संशोधन संस्थेचं जुनं निरीक्षण केंद्र आहे. पूर्वी तिला सासे म्हणत, २०२० पासून डीजीआरई म्हणतात. कुठली नाळ किती खाली येते हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. नकाशा दाखवून त्यांना विचार, आणि ते जिथे नाही म्हणतील तिथे वाद घालू नकोस. परवानग्या त्यांच्या, वनखात्याच्या आणि पंचायतीच्या, तिन्ही. गावात स्वतः जाऊन सांग की ही वस्तू काय आहे आणि कधी निघणार. न सांगता उभा केलेला चकचकीत पत्रा उन्हाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर दिसला, तर दोष गावाचा नाही. जाता जाता: परदेशी सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेजचं यंत्र बरोबर नेऊ नकोस. आपल्याकडे ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आणि डोंगरात ही चौकशी फार कंटाळवाणी असते.

धुंधीला दोन-तीन मीटर बर्फ साचणं नवलाचं नाही. म्हणजे रिफ्लेक्टर खांबावर, साचणाऱ्या बर्फाच्या वर. यात नुसती सोय नाही, सगळ्या मापाचा पायाच इथे आहे. बर्फातलं पाणी रडारच्या फेजवरून मोजण्याची रीत नॉर्वेच्या गुनेरिउसेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. लहर कोरड्या बर्फातून जाताना मंदावते, वाकते, आणि तिला उशीर होतो. चाळिसेक अंशांच्या कोनात हिशेब फार सोयीचा बसतो: बर्फातलं पाणी जितके मिलिमीटर वाढतं, जवळजवळ तितकेच मिलिमीटर जमीन रडारपासून लांब गेल्यासारखी दिसते. पण फेज कायम कशाच्या तरी तुलनेत असतो. तुलनेचा बिंदू बर्फाखाली गाडला गेला, तर त्याच्या डोक्यावरही अज्ञात पाणी. म्हणून खांबावरचा, झाडून साफ केलेला पत्रा: त्याच्यापुढे बर्फ नाही, उशीर नाही, आणि त्याच्या शेजारचा पिक्सेल किती उशिराने बोलतो तेच तुझं उत्तर.

याच हिशेबाची दुसरी बाजू बघ. खांब १ मिलिमीटर हलला, तर पाणी १ मिलिमीटरने चुकलं. म्हणून पाया मातीत नको. गोठल्यावर माती फुगते, वितळल्यावर बसते, आणि खांब तिच्याबरोबर वर-खाली होतो. पुरलेला मोठा धोंडा किंवा उघडा कातळ शोध, त्यात भोक पाडून अँकर बसव. ताणाच्या तारा तिन्ही बाजूंनी. बर्फ वरून खचताना तारांना खाली ओढतो, हे मैदानातल्या माणसाला पटत नाही. तारा अशा लाव की त्या ओढल्या गेल्या तरी खांब एकाच बाजूला कलणार नाही.

सी-बँडमध्ये आणखी एक अडचण आहे, ती पत्र्याने सुटत नाही. तिथे २.८ सेमी पाण्यामागे फेजचं एक पूर्ण चक्र होतं. ताजा भुसभुशीत बर्फ फोमसारखा हलका, दहा सेंटीमीटरला एक सेंटीमीटर पाणी; म्हणजे २८ सेमी बर्फ पडला की चक्र संपलं. पश्चिमी झंझावाताची एक चांगली झोड याहून जास्त टाकून जाते, आणि उपग्रह येणार १२ दिवसांनी. मधे किती चक्रं झाली हे कोण सांगणार? एल-बँडमध्ये हेच चक्र १२ सेमी पाण्याचं, म्हणजे ताज्या बर्फाचे १.२ मीटर. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार वर गेला, तेव्हा बर्फवाल्यांना आनंद झाला तो मुख्यतः यासाठी. तोवरचं सी-बँडचं काम टाकाऊ नाही, पण पाणी मोजल्याचे दावे वाचताना दोन पासांच्या मधे किती बर्फ पडला होता ते आधी बघत जा.

आता झाडण्याबद्दल. याच्यावर कुणी पेपर लिहीत नाही, आणि अर्धं काम तर हेच आहे.

कोपऱ्यात कोरडा बर्फ साचला तर लहर आतून जाते, पण वाकून. तिच्या वाटा बदलतात, काटकोनाची जादू बिघडते, फेज सरकतो. ओला बर्फ साचला तर लहर त्यातच जिरते. काही सेंटीमीटर ओल्या बर्फातून सी-बँड पलीकडे जात नाही. दोन्हींत पत्रा अपराधी ठरतो आणि तू उपग्रहाला दोष देतेस. सेंटिनेल आणि निसार दोघेही सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातात. सकाळचा पास बर्फासाठी चांगला, कारण रात्रभर गोठून तो कोरडा झालेला असतो. पण म्हणजे अंधारात, हाडं फोडणाऱ्या थंडीत जाऊन झाडायचं. आभाळ साफ असेल तर आदल्या संध्याकाळी झाड आणि पहाटे फक्त टॉर्च मारून बघून ये. संध्याकाळचा पास मार्च-एप्रिलात घे, ओला बर्फ हवा असेल तेव्हा. त्या वेळी पास व्हायच्या अर्धा तास आधी कोपऱ्यातलं पाणी काढ.

झाडायला लोखंडी फावडं नाही. एक पोचा पडला की पत्रा कायमचा वाकला. मऊ ब्रश चालतो, घरचा खराटा त्याहून चांगला चालतो. गरम पाणी ओतू नकोस, क्षणात काच होऊन बसतं. मीठ तर अजिबात नको, अॅल्युमिनियम खातं. तोंडावर ताडपत्री किंवा प्लास्टिकचं आवरण ताणून बसवणारे आहेत. माझा त्यावर विश्वास नाही. बर्फाच्या वजनाने ते आत झोळतं, भिजलं की स्वतःच संकेत पितं, आणि आत काय झालंय ते दिसत नाही. रोज बघता येणार नसेल तर पर्याय म्हणून ठीक, पण मग आवरणासकट आणि आवरणाशिवाय असे पास कोरड्या दिवसांत घेऊन फरक आधी मोजून ठेव.

जाताना-येताना एकच पायवाट धर. पत्र्याभोवती बर्फ तुडवलास की पार्श्वभूमी बदलली. स्नो पिट पत्र्यापासून चार-पाच पिक्सेल लांब खण, दर वेळी नव्या जागी, सावलीतल्या भिंतीवर माप घे. खोली, दर दहा सेंटीमीटरला घनता, तापमान, ओलावा. पिट पासच्या दिवशीच. “काल खणला होता, तोच चालेल” हे वाक्य ऐकू आलं की समजावं, वहीत खोटं शिरायला लागलं.

समोर एक ट्रेल कॅमेरा लाव, पासच्या वेळी फोटो काढणारा. बॅटऱ्या लिथियमच्या घे. साध्या अल्कलाइन थंडीत मान टाकतात. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे की यूटीसीवर, हे त्याच्या पाठीवर मार्करने लिही. वहीत दोन्ही वेळा लिही. चित्रावरची वेळ यूटीसी असते, आणि साडेपाच तासांच्या या फरकाने भल्याभल्यांनी संध्याकाळचा ओला बर्फ सकाळच्या खात्यात मांडलेला आहे.

जीपीएसने नेमका कोपरा मोज, खांबाचा पाया नाही. लहर परत फिरते ती जणू त्या आतल्या टोकावरून.

चित्र हातात आल्यावर एसएलसीच (फेज राखलेलं मूळ चित्र) घे, उंचसखलपणा सुधारून गुळगुळीत केलेलं चित्र नको. पत्र्याभोवतीचा तुकडा कापून सोळा-बत्तीस पटीने बारीक कर आणि मग शिखर शोध. पण शिखराची उंची हा आकडा मानू नकोस. ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलेली रीत आजही चोख आहे: शिखर आणि त्याच्या बाजूच्या लहरींतली सगळी ऊर्जा बेरीज कर, शेजारच्या रिकाम्या तुकड्यावरून पार्श्वभूमी वजा कर. शिखर थोडं पसरलं तरी बेरीज टिकते. ध्रुवणाचं थोडक्यात: तीन पत्र्यांचा कोपरा एचएच आणि व्हीव्ही सारखेच परत करतो, त्यांच्या फेजमधला फरक शून्य, आणि एचव्ही जवळजवळ काहीच नाही. ताज्या बर्फाच्या थरांमुळे एचएच-व्हीव्ही फेजमध्ये फरक पडतो, तेव्हा तो मोजणाऱ्याला पत्र्याचं हे शून्य फार मोलाचं. एचव्हीसाठी ४५ अंशांत फिरवलेला दोन पत्र्यांचा कोपरा लागतो. त्याचा झोत एका बाजूला अरुंद असतो आणि तो जुळवणं डोकेदुखी आहे. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या नादी लागू नकोस.

एखाद्या पासला पत्रा १ डीबीने खाली दिसला तर संशयाचा क्रम ठरलेला ठेव. आधी फोटो: कोपऱ्यात काही होतं का. मग कल आणि काटकोन. मग तुझा स्वतःचा कोड. उपग्रह सगळ्यांत शेवटी. युरोपातली, अमेरिकेतली मंडळी त्याचं कॅलिब्रेशन सतत पाहत असतात. तिथे चूक निघाली तर जगभर बोंब होते, फक्त तुझ्या खोऱ्यात नाही. पाच-सहा पत्रे असतील तर काम सोपं: एकच खाली आला तर दोष पत्र्याचा, सगळे एकदम आले तर हवामानाचा किंवा प्रोसेसिंगचा. म्हणून एकच भव्य पत्रा लावण्यापेक्षा मध्यम आकाराचे चार लावावेत, या मताचा मी आहे.

जोराची बर्फवृष्टी थांबल्यावर पहिला दिवस वर जायचं नाही. डीजीआरईची सूचना वाचल्याशिवाय नाही, एकटीने नाही, बीकन-प्रोब-फावड्याशिवाय नाही. तो पास गेला तर वहीत लिही, “पोचलो नाही, कोपरा बहुधा भरलेला.” असा पास टाकून देता येतो, बारा दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच वाटेने येतो. पवईतून तुझे सर फोन करून पास चुकवू नकोस म्हणाले, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखव, माझं नाव सांगून.

शेवटी वेळापत्रक. पहिले तीन पास बर्फ पडायच्या आधीचे हवेत, नाहीतर कोरड्या जमिनीवर पत्रा किती देतो हेच कळणार नाही. त्यात छत्तीस दिवसांपर्यंत जाऊ शकतात. ऑक्टोबर संपता संपता धुंधीला बर्फ येऊ शकतो, आणि पावसाळ्यात बियासच्या काठचा रस्ता भरवशाचा नाही. २०२३ च्या जुलैत नदीने तो जागोजागी तोडला होता. म्हणजे पत्रे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वर पोचले पाहिजेत, आणि फॅब्रिकेटर सांगेल त्या तारखेत पंधरा दिवस मिळवायचे असतात. त्याला आजच फोन कर.